स्वस्त पेन्सिल, महाग पेन्सिल आणि टर्पेंटाइनचा थेंब

दिवाळीच्या खरेदीची यादी म्हणजे घराचा आरसा असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. रवा, बेसन, तूप, उटणे, पणत्या, मुलांचे कपडे, आणि या सगळ्यांच्या खाली हल्ली पुष्कळ घरांत एक ओळ असते: ‘रंगीत पेन्सिली – चांगल्या.’ यातला ‘चांगल्या’ हा शब्द बहुधा निराळ्या अक्षरात, मागाहून कोंबलेला असतो. तो कोणाच्या हातचा हे वडिलांच्या ताबडतोब ध्यानात येते आणि मग प्रश्न उभा राहतो तो असा, की चांगल्या म्हणजे कोणत्या? कारण दुकानात गेले की बारा पेन्सिलींची एक पेटी शंभराच्या आतबाहेर मिळते, आणि शेजारच्याच काचेच्या कपाटात तेवढ्या किमतीला एकच पेन्सिल ठेवलेली असते. दोन्ही दिसायला सारख्या. दोन्ही लाकडी, दोन्ही षट्कोनी नाहीतर गोल, दोन्हींवर सोनेरी अक्षरे.

हा प्रश्न पूर्वी इतका निकडीचा नव्हता. रंगीत पेन्सिल हे शाळेच्या नकाशात नद्या निळ्या करण्याचे साधन होते. अलीकडे मुले फोनच्या पडद्यावर एक नवल पाहतात. चित्रकार पेन्सिलीने आंब्याला पिवळा, नारिंगी, तांबूस असे थर देतो, मग एक बारीक कुंचला कसल्याशा पातळ द्रव्यात बुडवून त्यावरून फिरवतो, आणि पाहता पाहता पेन्सिलीच्या रेघा नाहीशा होऊन आंबा तैलरंगात रंगवल्यासारखा तुकतुकीत दिसू लागतो. ते द्रव्य म्हणजे टर्पेंटाइन, किंवा वास काढून टाकलेले खनिज टर्पेंटाइन. मुले ते पाहतात, घरातल्या पेन्सिलीने करून पाहतात, कागदावर राखाडी चिखल होतो, आणि मग ‘चांगल्या’ हा शब्द यादीत शिरतो.

आमच्याकडे हा प्रश्न आला तो मुलचेऱ्याहून. हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकांनी क्वचितच ऐकले असेल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. मुलचेरा हा त्यातला एक तालुका. सभोवार साग, मोह, तेंदू आणि बांबू यांचे रान. बाजारात एका कानाला मराठी, दुसऱ्या कानाला गोंडी आणि तेलुगू ऐकू येते, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे या भागात वसवली गेल्यामुळे त्यात बंगालीचीही भर पडते. आमच्या एका भाच्याची तिकडे बदली झाली आणि गेल्या फाल्गुनात आम्ही आठ दिवस पाहुणचार घेऊन आलो. पळस नुसता पेटला होता. भाच्याची मुलगी आठवीत. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा उत्तीर्ण, पुढे इंटरमीजिएटला बसायचे. कला संचालनालयाच्या या दोन परीक्षांचे महत्त्व शहरातल्या पालकांना सांगायला नको. इंटरमीजिएटमध्ये श्रेणी मिळाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात, एवढ्या एका कारणाने तरी ते ठाऊक असते. पण या मुलीचे गुणांकडे लक्ष नव्हते. तिला पळसाचे फूल काढायचे होते, आणि ते जमत नव्हते.

“मामा, एकशेवीस रंगांची परदेशी पेटी मागवून टाकतो,” भाचा म्हणाला. “पोरगी रोज मागे लागली आहे.”

“महिन्याचा किराणा येईल तेवढ्यात,” सूनबाई आतून म्हणाल्या. त्यांचा हिशेब बरोबर होता.

आम्ही चित्रकार नव्हे. परंतु आयुष्याची बरीच वर्षे छपाई, कागद आणि शाई यांच्या सहवासात काढल्यामुळे रंग म्हणजे काय आणि तो कशाला चिकटतो याची थोडीबहुत माहिती झाली. शिवाय नागपूरहून येताना, मुलीला भेट म्हणून, आम्ही सहा सुट्या उंची पेन्सिली आणल्याच होत्या. घरात बाजारची बारा रंगांची पेटी होती. तेव्हा पेटी मागवण्याआधी दोन्हींची कुस्ती लावून पाहायचे ठरले.

त्याआधी पेन्सिलीच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे. काळ्या शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, आणि ती कांडी सुमारे हजार अंशांच्या भट्टीत भाजून काढतात. रंगीत कांडी भाजत नाहीत. भाजली तर रंग जळून जाईल. रंगाची पूड, चिनी माती किंवा शंखजिरे यांसारखी पांढरी भर, थोडा डिंकाच्या जातीचा चिकटपणा आणि मेण किंवा तेल यांचा गोळा मळून, सोऱ्यातून शेव पाडावी तशा त्याच्या लांब कांड्या पाडतात, वाळवतात आणि मग लाकडात बसवतात. गृहिणींना हे लगेच पटेल: शेवेचे सगळे मर्म पिठात असते. स्वस्त पेन्सिलीत रंगाची पूड थोडी आणि पांढरी भर फार. रंगाची पूड महाग, शंखजिरे स्वस्त. किंमत उतरवायची तर दुसरे काय करणार? शिवाय स्वस्त कांडीचे मेण कडक ठेवतात, कारण ती शाळेच्या दप्तरात पडते, आपटते, आणि आईला ती दर आठवड्याला नवी आणायची नसते. म्हणजे तिचा कडकपणा हा दोष नव्हे. तिच्या कामाचा तो गुण आहे. चित्रकाराच्या पेन्सिलीचे काम वेगळे. तिच्यात पूड जास्त आणि बांधणारे द्रव्य मऊ. जर्मनीतल्या फाबर-कास्टेल या १७६१ सालापासूनच्या घराण्याची पॉलीक्रोमोस पेन्सिल १९०८ साली निघाली. तिच्यात तेलाचा अंश अधिक. अमेरिकेतली प्रिझ्माकलर १९३८ ची. ती मेणाची, लोण्यासारखी मऊ. स्वित्झर्लंडच्या काराँ दाश या पेढीचे नाव तर पेन्सिलीला रशियन भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच पडले आहे.

एक ध्यानात ठेवावे, की पेढीचे नाव ही खात्री नव्हे. हीच मोठमोठी घराणी शाळकरी पेटीही काढतात आणि चित्रकाराची पेन्सिलही. नाव एक, माल दोन. पेटीवरच्या नावापेक्षा ती कोणत्या प्रतीची हे विचारावे.

आता टर्पेंटाइन काय करते? ते मेण सोडवते. कागद आपल्या डोळ्यांना सपाट दिसला तरी भिंगाखाली त्याच्यावर खाचखळगे असतात. पेन्सिल फिरवली की रंग उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. म्हणून पेन्सिलीचे चित्र नेहमी किंचित भुरभुरीत, पिठूळ दिसते. मेण विरघळले की पूड मोकळी होते, वाहते आणि खळग्यांत उतरते. टर्पेंटाइन उडून जाते, मेण पुन्हा आळते आणि रंग जागच्या जागी राहतो. इतके साधे आहे. पण यावरूनच पुढचे सारे सिद्ध होते: पूड असेल तर वाहील. जिथे पूडच कमी तिथे वाहते ते शंखजिरे.

सकाळी सातला, ऊन चढण्यापूर्वी, ओसरीवर प्रयोग मांडला. फाल्गुन असला तरी चांद्याकडे दुपारी काय होते ते तिकडच्यांना सांगायला नको. पहिला रंग लाल. बाजारच्या पेटीतल्या लालने चांगले चार थर दिले आणि ओला कुंचला फिरवला. रेघा थोड्या फिकट झाल्या, पण मोडल्या नाहीत. वाळल्यावर त्यांवर दुधी साय आल्यासारखे झाले. तोच प्रकार उंची लालने केला. दोन थरांतच कुंचल्याबरोबर रंग पुढे सरकला, रेघ नाहीशी झाली आणि वाळल्यावर वर आणखी थर घेण्याजोगा पृष्ठभाग तयार झाला. मुलीने नुसते “अय्या!” म्हटले. आमच्या मते लढत तिथेच संपली असती, पण पुढे जे झाले ते पेटीच्या किमतीपेक्षा मोलाचे होते.

कारण बाजारच्या पेटीतला निळा उत्तम वाहिला. काळाही. विटकरी तपकिरी तर उंची पेन्सिलीच्या शेजारी ओळखू येईना. असे का व्हावे? याचे उत्तर रंगांच्या किमतीत असावे असा आमचा तर्क आहे. सगळे रंग मुळात महाग नसतात. काळा म्हणजे काजळीच. तपकिरी, विटकरी, पिवळसर मातकट हे लोहाचे गंज, म्हणजे आपला गेरूच. आपल्या घरांच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या त्याने सारवल्या आहेत. आणि निळ्याची गोष्ट तर गमतीची आहे. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका रंगाच्या कारखान्यात भांड्याचा लेप तडकला, आतले लोखंड मिश्रणात उतरले आणि एक न सांगता आलेला गडद निळा पदार्थ तयार झाला. त्या कुळातला थॅलोसायनिन निळा १९३५ च्या सुमारास बाजारात आला. हा रंग इतका जबरदस्त असतो की चिमूटभर पुडीत पेटीभर पेन्सिली निळ्या होतील. म्हणून स्वस्त पेटीतही निळा, काळा आणि तपकिरी हे बहुधा इमानी निघतात. फसवतात ते लाल, गुलाबी, जांभळा, नारिंगी, कातडीचा म्हणून मिळतो तो फिका रंग आणि विशेष म्हणजे पांढरा. स्वस्त पांढऱ्यात तर भर आणि रंग यांत फरकच उरत नाही. तो दुसऱ्या रंगावर दिसतही नाही.

म्हणजे एकशेवीस पेन्सिलींची गरज नाही. पण हे लगेच सांगितले असते तर मुलीला ते थोरामोठ्यांचे काटकसरीचे शहाणपण वाटले असते. म्हणून दुसरा प्रयोग कागदाचा केला.

तिची चित्रकलेची वही साधी, पातळ, गुळगुळीत. उंची पेन्सिल आणि टर्पेंटाइन तिच्यावर वापरले तेव्हा दोन थरांनंतर रंग बसेनाच, घसरू लागला, आणि पाठीमागच्या पानावर तेलकट डाग उमटला. त्यानंतर जाड कार्ट्रिज कागद घेतला. त्यावर बाजारच्या पेन्सिलीचासुद्धा रंग दुपटीने बसला. मग आमच्याजवळचा हातकागदाचा एक तुकडा काढला, तर काय विचारता! कागदाला पकड पाहिजे, आणि टर्पेंटाइन प्यायल्यावर त्याने कोलमडू नये एवढी जाडी पाहिजे. पेन्सिल कितीही थोर असली तरी गुळगुळीत कागदावर तिचे काही चालत नाही.

या बाबतीत मुलचेऱ्याचे नशीब विचित्र म्हटले पाहिजे. तिथल्या रानात लाकूड काय थोडे आहे? आलापल्लीचा साग तर देशभर जातो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही २०२३ साली या चांद्याकडच्या सागवानाची निवड झाली. पण पेन्सिल सागाची होत नाही. तो कठीण, टोकयंत्राच्या पात्याला दाद देणार नाही. पेन्सिलीला मऊ आणि सरळ रेषांचे लाकूड लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा सुवासिक देवदार वापरतात. आपल्याकडच्या पेन्सिलींना काश्मिरातला चिनार नव्हे, सफेदा, म्हणजे पॉपलर लागतो, आणि पुलवामा जिल्ह्यातले उखू हे गाव त्याच्या पट्ट्यांसाठी प्रसिद्ध झाले आहे. बांबूचे मात्र निराळे. या रानातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत वर्षानुवर्षे गेला. ती गिरणी १९४५ सालची. वहीचा कागद त्याच जातीचा: लिहायला, छापायला उत्तम. पण टर्पेंटाइनचे लाड त्याने का सोसावेत? त्याला सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद बरा, आणि तो आपल्याकडे होतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली निघाली, तिचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले, आणि के. बी. जोशी यांनी त्या कागदासाठी आयुष्य वेचले. परदेशी पेटीच्या पैशांत असे कितीतरी ताव येतील.

देशी मालाविषयी नाक मुरडणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी गिरगावात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली. १९६० नंतरच्या दशकात सुभाष दांडेकरांच्या पुढाकाराने ती चित्रकलेच्या साहित्याकडे वळली. या सुभाष दांडेकरांचे २०२४ साली निधन झाले, आणि त्याआधीच, २०११ साली, कंपनीची सूत्रे कोकुयो या जपानी पेढीकडे गेली होती. आजच्या पन्नाशीतल्या किती मराठी माणसांच्या हातात पहिला रंग या घराण्याचा आला असेल! नटराज आणि अप्सरा काढणारी हिंदुस्थान पेन्सिल्स १९५८ ची. या पेढ्यांनी खेडोपाडी पोचेल अशी पेटी बनवली. मुलचेऱ्याच्या बाजारात जी बारा रंगांची पेटी मिळते तीच मुंबईलाही मिळते, आणि हे काही लहान काम नव्हे.

आता जरा भीतीचे बोलले पाहिजे, कारण हे अंक दिवाळीत वाचले जातात आणि दिवाळीत घरोघर दिवे असतात. टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३५ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते. चांद्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो, म्हणजे तिथे बाटली उघडी ठेवणे म्हणजे काय ते सुज्ञास सांगणे न लगे. वास काढलेले खनिज टर्पेंटाइन त्या मानाने बरे, पण वास गेला म्हणून वाफ गेली असे समजू नये. नाकाला कळत नाही म्हणून माणूस तासन्‌तास बसतो, एवढाच काय तो फरक. खिडकी उघडी, बाटलीचे झाकण लावलेले, बाटलीच्या टोपणात मावेल इतकेच द्रव्य, जवळ पणती नाही, उदबत्ती नाही, शेगडी नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नये. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊच नये. रॉकेल वापरावे काय असे एका गृहस्थांनी आम्हांस विचारले. वापरू नये. ते सावकाश उडते, मागे तेलकट डाग ठेवते आणि घरभर घाण वास. खोबरेल तर नकोच. तान्ह्या मुलांच्या अंगाला लावतात ते खनिज तेल काही लोक वापरतात, त्याने रंग मिसळतो खरा. पण ते वाळत नाही, कागद पारदर्शक होतो.

लहानांसाठी एक बिनधोक वाट आहे. थरांवर थर देऊन शेवटी उंची पांढऱ्या किंवा बिनरंगी मेणाच्या पेन्सिलीने जोर देऊन घोटावे. टर्पेंटाइनइतके तुकतुकीत होत नाही, परंतु पुष्कळ जवळ जाते, आणि आईला निवांत झोप लागते.

तिसरा प्रयोग आम्ही केला नाही, उन्हाने केला. मुलीच्या खोलीत तिचे सहावीतले एक चित्र भिंतीला लावलेले होते, जास्वंदीचे. आता त्या जास्वंदीचा देठ गडद, पाने हिरवी आणि पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या. दोन वर्षांत लाल-गुलाबी उडून गेला होता. ती म्हणाली, “आजोबा, मी आधी खूप गडद रंगवलं होतं हो, खरंच.” आम्हांस ती गोष्ट लागली. मुलाने तीन-तीन दिवस बसून काढलेल्या चित्राने असे फसवावे हे काही बरे नव्हे. म्हणून एका पट्टीवर दोन्ही पेट्यांतले सगळे रंग ओळीने भरले, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि ती दक्षिणेच्या खिडकीत चिकटवून आम्ही परत आलो.

दसऱ्याला ती पट्टी टपालाने आमच्याकडे आली. झाकलेला भाग आणि उघडा भाग समोरासमोर. बाजारचा काळा, निळा, तपकिरी जसेच्या तसे. हिरवा किंचित पिवळा पडलेला. गुलाबी गेला, जांभळ्याचा करडा झाला, नारिंगी अर्धा. उंची सहांपैकी पाच बिनतक्रार, पण सहावा, एक सुंदर गर्द गुलाबी, तोही उतरला होता. पुढे पाहिले तर त्याच्या लाकडावर टिकाऊपणाची एकच चांदणी छापलेली, बाकीच्यांवर तीन. चित्रकाराच्या पेन्सिलींवर अशा खुणा असतात. त्या टिकाऊपणासाठी परदेशात एक लेखी मानकही आहे. महाग म्हणून अक्षय असे नाही. तेव्हा पेन्सिल घेताना चांदण्या मोजाव्यात. दुकानदार हसला तरी मोजाव्यात.

पट्टीबरोबर मुलीचे पत्र होते आणि त्यात तिने स्वतःच केलेली यादी. एकशेवीसची पेटी रद्द. सुट्या उंची पेन्सिली आठ: दोन लाल, एक नारिंगी, एक लिंबू पिवळा, एक टिकाऊ जांभळा, एक सागाच्या कोवळ्या पानाचा तांबूस हिरवा, एक साय रंगाचा आणि एक पांढरा. निळा, काळा, तपकिरी आणि खालचे पहिले थर यांसाठी बाजारची जुनी पेटी. राहिलेल्या पैशांत हातकागदाचे ताव. पळसाची पाकळी नारिंगी असली तरी तिच्या देठाशी जी मखमली काळसर टोपी असते ती बाजारच्या काळ्याने आणि तपकिरीने फार छान येते, असेही तिने लिहिले होते, आणि ते आम्हांस ठाऊक नव्हते.

भाच्याने खाली दोन ओळी घातल्या आहेत. सामान आले, ताव पुष्कळ मोठे निघाले म्हणून मधोमध कापले, आणि टर्पेंटाइनची बाटली मात्र फराळाचे तळण आटोपेपर्यंत सूनबाईंनी परसातल्या खोलीत कुलपात ठेवली आहे.